दांडा उलटा बसवलाय

प्रिय धाकट्या,

मागच्या फोनवर मी तुला म्हणाले की नवं इंजिन बसलं, नवा गिअरबॉक्स बसला, बोट पाण्यात उतरली आणि आता काही काळजी नाही. शेवटचं सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. तुझा फोन आला की बाबा असतील तिथून उठून येतात आणि माझी दोन वाक्यं व्हायच्या आत हात पुढे करतात. मेसेज करावा तर माझा मोबाईल ते चष्मा लावून बातम्यांसाठी चाळत बसतात. म्हणून हा कागद. जहाज बंदराला लागलं की कंपनीच्या कचेरीतून टपाल मिळतं असं तू म्हणाला होतास, आणि बंदराला लागल्याशिवाय तुझा फोन येत नाही, म्हणजे हे आधी तुझ्या हातात पडेल असं धरून चालते. आधी शेवटपर्यंत वाच आणि मगच घरी फोन कर. माझं अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही. शाळेत माझ्याच वह्या उतरवून पास झालास तू.

त्या धडकेपासून सुरुवात करते, कारण तुला ती जशी कळली तशी ती नव्हती. खाडी ओलांडायची सकाळची फेरी होती. बोटीत नेहमीचीच माणसं होती. पलीकडच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई, दवाखान्यात निघालेलं एक जोडपं, भाजीच्या पाट्या, सायकली. मी पुढच्या टोकाला दोर घेऊन उभी होते. पलीकडचा धक्का जवळ आला, बाबांनी वेग कमी केला. आता ते गिअरचा दांडा मागे ओढणार, मागचा पंखा उलटा फिरणार आणि बोट धक्क्याच्या कडेला अलगद थबकणार, जशी ती मला कळायला लागल्यापासून थबकत आलीय, म्हणून मी दोर टाकायला हात उचलला. आणि बोट थबकण्याऐवजी उसळून पुढे गेली. कडेला ते जुने टायर बांधलेले नसते तर काय झालं असतं ह्याचा मी अजून विचार करत नाही. बाई उतरायला म्हणून उभ्या राहिल्या होत्या, त्या पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मी मागे वळून पाहिलं तर बाबा सुकाणूपाशी पांढरेफटक पडलेले. म्हणाले, "रिव्हर्स लागलाच नाही. गिअर गेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. इतक्या वर्षांत ज्या माणसाने धक्क्याचा साधा रंगही कधी खरवडला नाही, त्याच्या हाताकडे कोण बघणार? तूही फोनवर लगेच म्हणालास, गिअरबॉक्स बदलून टाका. इंजिनाने तर मान टाकलीच होती. धुराने माणसं खोकायची, आणि तेलात पाणी मिसळून ते दुधाळ चहासारखं दिसायला लागलं होतं. म्हटलं, एवढं उघडायचंच आहे तर दोन्ही एकदमच बदलू.

बोट ओढून शेडमध्ये घेतली. मिस्त्री तोच, आपला शिट्टी. केस पिकले, पण काम करताना शीळ घालायची सवय गेलेली नाही, आणि सूर आजही तितकाच बेसूर आहे. त्याने डेकच्या फळ्या उचलल्या, नळ्या आणि वायरी सोडवल्या आणि छताच्या तुळईला साखळीची कप्पी टांगून जुनं इंजिन वर घेतलं. ते बोटीतून सुटून हवेत लोंबकळायला लागलं तेव्हा आई शेडच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अगं बाई, एवढंसंच होतं होय हे?" आपण लहानपणापासून त्या फळ्यांखाली एखादा राक्षस आहे असं समजत होतो रे. बाहेर आल्यावर ते गंजकं, तेलकट आणि बिचारं दिसत होतं. बाबा मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. ते बोटीच्या रिकाम्या पोटात उतरून बसले आणि चिंधीने तळ पुसत राहिले. दुपारी जेवायला हाक मारली तरी वर आले नाहीत.

नवं इंजिन जुन्यापेक्षा आखूड आणि बुटकं आहे. त्यामुळे खालची लाकडी बैठक तासून, भर घालून पुन्हा करावी लागली. मग गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणायचं काम. त्या दोघांना जोडणाऱ्या दोन तबकड्या असतात, त्यांच्यामधली फट चारी बाजूंनी सारखी हवी. शिट्टी त्या फटीत पत्र्याची पातळ पट्टी सरकवायचा, मान हलवायचा, बैठकीचा नट किंचित फिरवायचा आणि पुन्हा पट्टी सरकवायचा. मी बाजूला बसून बॅटरी धरायचे. मला हे काम आवडतं हे तुला सांगायला नको. बोट पाण्यात गेली की तिची लाकडं थोडी हलतात, बसतात, म्हणून तिथे हे सगळं पुन्हा तपासावं लागतं, हे मला ह्या वेळी कळलं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. नव्या गिअरबॉक्सवर पंखा जुन्याच दिशेने फिरतो ना, हे शिट्टीने स्वतः पाहिलं, मला दाखवलं, बाबांनाही दाखवलं. काही गिअरबॉक्स उलटे फिरवतात म्हणे. आपला तसा नाही. दांडा पुढे म्हणजे बोट पुढे, दांडा मागे म्हणजे बोट मागे, जसं आयुष्यभर होतं तसंच.

काम अर्ध्यावर आलं असताना शिट्टीने जुना गिअरबॉक्स बाकावर घेऊन उघडला. त्यातलं काही सुटं सामान कोणाच्या उपयोगी पडतंय का बघायला. मी चहा घेऊन गेले तर शीळ बंद. त्याने बाबा आसपास नाहीत ना हे बघितलं आणि मला जवळ बोलावलं. आतल्या चकत्या एकेक करून फडक्यावर मांडल्या होत्या. जुन्या होत्या, पण जळालेल्या नव्हत्या, झिजलेल्या नव्हत्या. दांड्यापासून येणारी तारही शाबूत होती, तीही त्याने ओढून दाखवली. "ताई," तो म्हणाला, "ह्याला काहीही झालेलं नाही. हा अजून कित्येक वर्षं चालला असता." मी म्हटलं, मग रिव्हर्स का नाही लागला? त्याने माझ्याकडे बघितलं नाही. चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ते मी कसं सांगू? मी बोटीत नव्हतो." मी बोटीत होते, धाकट्या. आणि माझी पाठ होती बाबांकडे.

त्या दिवसापासून मी बाबांवर नजर ठेवायला लागले, आणि स्वतःच्या बापावर नजर ठेवणं हे किती वाईट काम आहे ते तुला तिथे बसून कळायचं नाही. एकदा हातोडी मागताना त्यांना हातोडी हा शब्दच सापडेना. "ते दे गं, ठोकायचं," म्हणाले. म्हटलं, होतं असं कोणाचंही. एकदा शेडमधून घरी येताना वळणावर थांबले आणि माझ्या चालीकडे बघत राहिले, मी जिकडे वळले तिकडे वळले. एकदा मला तुझ्या नावाने हाक मारली. ह्यातलं एकेक वेगळं घेतलं तर काहीच नाही. पण मी ते वेगळं घेऊ शकत नव्हते. मग मला आई दिसायला लागली. म्हणजे रोजचीच आई, पण ती काय करते ते पहिल्यांदाच दिसायला लागलं. बाबा बाहेर पडायच्या आधी ती त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवते. जेवताना, "आज बुधवार, आज तुम्ही दाढी करता," असं सहज बोलल्यासारखं म्हणते. कोणी घरी आलं की दारातूनच मोठ्याने आलेल्याचं नाव घेते, "अहो, बघा कोण आलंय, दुकानवाले भाऊजी आलेत," म्हणजे बाबांना ओळखायचे कष्ट नकोत. हे ती कधीपासून करतेय, देव जाणे.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, आई, तुला माहीत होतं? ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. "काय माहीत होतं? वय झालं की होतं सगळ्यांचं." मी म्हटलं, गिअरबॉक्स चांगला होता. तिचा हात थांबला. मग हळूच म्हणाली, "हे त्यांना सांगितलंस?" नाही म्हटलं. "मग नको सांगूस. बोटीवरून उतरवलंस तर त्या माणसाने घरात बसायचं कुठे? तुला माहितेय, त्यांना खुर्चीत नीट बसता पण येत नाही, पाय हलवत राहतात." मी चिडले. म्हटलं, आणि बोटीतल्या माणसांचं काय? बाईंचं मनगट मोडलंय. ह्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि तोच पेला पुन्हा पुसायला घेतला.

चाचणीचा दिवस आला. शिट्टी, बाबा आणि मी, तिघंच. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि आवाज इतका कमी की बाबा म्हणाले, "बंद पडलं की काय?" मागच्या नळीतून थंड करायचं पाणी नीट पडत होतं. बाबा वाकून ते बोटांनी चाचपून आले, गरम किती ते बघायला. मग सुकाणूपाशी उभे राहिले. काय सांगू तुला, खाडीच्या मध्यावर जाईपर्यंत मी सगळं विसरले. त्यांचे खांदे सैल झाले, चेहरा उघडला, वाऱ्याकडे न बघता वारा कुठून आहे ते सांगायला लागले. वाळूचा उथळ पट्टा कुठे सरकलाय ते मला हाताने दाखवलं, आणि अगदी बरोबर दाखवलं. मला वाटलं, मीच वेडी आहे, शिट्टीच्या डोळ्यांना कमी दिसत असेल, चकत्या झिजल्याच असतील.

परत येताना मी पुढे न जाता त्यांच्या शेजारी उभी राहिले. धक्का जवळ आला. त्यांनी वेग उतरवला, अगदी वेळेवर. हात दांड्यावर ठेवला. तो हात तिथे क्षणभर राहिला, जसा माणूस अनोळखी घराची बेल वाजवावी की नाही म्हणून राहतो, आणि मग त्यांनी दांडा पुढे ढकलला. पूर्ण पुढे. शिट्टी तयारच होता. त्याने झेप घेऊन इंजिन बंद केलं, मी सुकाणू फिरवलं आणि बोट धक्क्याला घासत, करकरत पुढे निघून गेली. कोणाला लागलं नाही. मग बाबा म्हणाले, "दांडा उलटा बसवलाय."

मी शिट्टीकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मला वाटतं त्या माणसाइतक्या शांतपणे कोणी अपमान गिळला नसेल. तो म्हणाला, "हो काका. चूक झाली माझी. आत्ता सुलटा करतो." पाना घेऊन खाली बसला, दांड्याचे स्क्रू सोडले, दांडा काढला, फडक्याने पुसला आणि जसा होता तसाच पुन्हा बसवला. "झालं," म्हणाला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. नवीन सामान आहे." मला ओरडावंसं वाटत होतं. मी दोर गुंडाळत बसले.

आणि इथून खरी काळजी सुरू झाली, कारण आता बाबांच्या लेखी सगळं दुरुस्त झालं होतं. गिअर नवा, इंजिन नवं, दांडा सुलटा. ते बाजारात सांगत सुटले की पुढच्या सोमवारपासून फेऱ्या सुरू. लोकांना घाई आहेच. बोट नाही म्हणून सगळे पुलावरून लांबचा वळसा घालून जातायत. बाईंनी तर हात गळ्यात बांधलेला असताना निरोप पाठवला की तुमचे बाबा चालवणार असतील तर मी पहिल्याच फेरीला येते. मी आणि शिट्टीने मिळून एक थाप मारली. म्हटलं, नवं इंजिन आधी रुळायला हवं, काही दिवस रिकामंच चालवायचं, माणसं घ्यायची नाहीत. ह्यात थोडं खरं आहे, म्हणून ती खपली. पण थाप किती दिवस पुरणार? सोमवार जवळ येत होता. बाबा सकाळी अंगणात खाकरले तरी मी दचकून उठायचे. किल्ली मी माझ्या उशीखाली ठेवायला लागले होते, आणि बाबा ती रोज मागायचे, आणि मी रोज काहीतरी नवीन सांगायचे. शिट्टीकडे आहे, दुसरी बनवायला दिलीय, आईने कुठेतरी ठेवलीय. ते बरं म्हणायचे. मला वाटायचं, विसरले.

शनिवारी दुपारी मी बाजारातून आले तर घरात आई एकटीच. बाबा झोपलेत म्हणाली. खोलीत बघितलं तर पलंग रिकामा. माझी उशी उचलली तर किल्ली नाही. पिशवी तिथेच टाकून मी धावत सुटले. धक्क्याच्या वळणापाशी येते तर इंजिनाचा आवाज. पण बोट जागेवर होती. पुढचा दोर बांधलेला, मागचा दोर बांधलेला, शिवाय मध्ये आणखी एक जादाचा दोर, दुहेरी गाठ मारून. बाबा एकटेच सुकाणूपाशी उभे होते. मी धक्क्यावरच्या बर्फाच्या शेडच्या भिंतीला टेकून उभी राहिले, कारण त्यांनी मला पाहिलं नव्हतं आणि ते काय करतायत ते मला कळत नव्हतं.

ते शिकत होते, धाकट्या. आधी मोठ्याने म्हणायचे, "मागे." मग दांडा हलवायचे. मग बोटीच्या मागच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि वाकून पाणी बघायचे, फेस कुठल्या बाजूला जातोय ते. परत यायचे. "पुढे." दांडा. पुन्हा मागे जाऊन पाणी बघायचे. कधी बरोबर यायचं. तेव्हा मान डोलवायचे, शाबास म्हटल्यासारखं. कधी चुकायचं. तेव्हा तिथेच कठड्याला धरून उभे राहायचे. बोट दोरांना हिसके देत होती, दोर ताणून करकरत होते, आणि हा माणूस, ज्याने आपल्या दोघांना ह्याच बोटीत मांडीवर घेऊन दांडा धरायला शिकवलं, तो पहिलीतल्या पोरासारखा एकच धडा पुन्हा पुन्हा गिरवत होता. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. रडत होते हे मात्र नंतर गालाला हात लावल्यावर कळलं.

मी बोटीत उतरले. त्यांनी दचकून इंजिन बंद केलं. "कधी आलीस?" आत्ताच, म्हटलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते खोटं आहे हे त्यांना कळलं. बाकावर बसले. बराच वेळ हातातल्या चिंधीने दांड्याची मूठ पुसत राहिले आणि मग म्हणाले, "शिट्टीने दांडा फिरवलाच नव्हता. मी बघत होतो." मी कठड्याला टेकले. "भला माणूस आहे," ते म्हणाले. "मी पण मग गप्प बसलो. त्याला का तोंडावर पाडायचं?" मग पाण्याकडे बघत, "हाताला माहीत होतं गं सगळं. मला कधी विचार करावा लागला नाही. आता हात मला विचारतो." मी त्यांच्या शेजारी बसले. ते म्हणाले, "तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगू नकोस, घाबरेल." इतक्या दुःखातही मला हसू आलं रे. ती म्हणते त्यांना सांगू नकोस, हे म्हणतात तिला सांगू नकोस, शिट्टी दोघांना सांगत नाही, आणि मी ह्या सगळ्यांच्या मध्ये उशीखाली किल्ली घेऊन झोपतेय.

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ या. ते हो म्हणाले, इतक्या लवकर की मला जास्तच भीती वाटली. वेळ घेतलीय, मी सोबत जाणार आहे. मग मी म्हटलं, सोमवारी काय करायचं? ते उठले, मागचा दोर सोडला, मधला सोडला, पुढचाही सोडला आणि तिथेच पुढच्या टोकाला उभे राहिले. माझ्या जागेवर. वळून मला म्हणाले, "काढ बाहेर." मी बोट बाहेर काढली. परवाना हातात आल्यापासून मी ती रिकामी कितीदा तरी चालवलीय, पण धक्क्याला लावायची वेळ आली की बाबा नेहमी "हो बाजूला" म्हणायचे, तुला आठवत असेल. ह्या वेळी ते पुढेच उभे राहिले, पाठ माझ्याकडे. धक्का जवळ आला. वेग उतरवला, दांडा मागे घेतला. नवा गिअर इतका हलका आहे की लागला की नाही तेच कळत नाही, आणि त्या एका क्षणात मला बाबांची सगळी भीती कळली. मग मागे पाणी उसळलं आणि बोट थांबली. धक्क्यापासून जरा लांबच थांबली, सफाईदार नव्हतं ते. बाबांनी दोर फेकला. तो पहिल्याच फेकीत खुंटाला बसला. तिथे त्यांचा हात कोणाला काही विचारत नाही. ते मला म्हणाले, "लवकर रिव्हर्स घेतलास." मी म्हटलं, उशिरापेक्षा बरं. त्यावर हसले.

घरी येताना वाटेत ते म्हणाले, "धाकट्याचा फोन आला की त्याला सांगतो, नोकरी सोड आणि ये. नवं इंजिन आहे, नवा गिअर आहे, आता काही कटकट नाही." मी चालता चालता थांबले. ते पुढे चालत राहिले. दारात आईला म्हणाले, "सोमवारी नाही, पोरगा आला की फेऱ्या सुरू करू." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

म्हणून हे लिहितेय. तू फोन करशील तेव्हा बाबा तुला यायला सांगतील, आणि का ते सांगणार नाहीत. तुला कारण माहीत नसतं तर तू नेहमीसारखं "बाबा, आता नाही जमणार" म्हणून विषय संपवला असतास, आणि चार दिवसांनी ते पुन्हा स्वतःच सुकाणूपाशी उभे राहिले असते. आता कारण माहीत आहे, तर तू सगळं टाकून धावत येशील ह्याची मला त्याहून जास्त धास्ती आहे. ह्यातलं काहीही करू नकोस. ते बोलतील ते सगळं ऐकून घे, आणि मग म्हण की ताईला चालवू द्या. एवढंच. तू म्हणालास तर ते मानतील. मी म्हटलं तर हट्ट वाटेल, आईने म्हटलं तर काळजी वाटेल, तू म्हटलंस तर सल्ला वाटेल. ह्याचा मला आयुष्यभर राग आलाय, पण आत्ता तो बाजूला ठेवते. आणि त्यांना सांग की पुढच्या टोकाला दोर घेऊन तेच लागतील, माझ्या भरवशावर बोट एकटी सोडू नका. तुला सगळं माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. आणखी एक, हे मी कोणालाच बोललेले नाही. मी हे केवळ बाबांसाठी करतेय असं समजू नकोस. तिकिटं फाडताना आणि दोर फेकताना इतकी वर्षं मी त्या दांड्याकडे बघत आलेय. भीती मला आत्तासुद्धा वाटतेय, बोटीत माणसं बसतील तेव्हा त्याहून जास्त वाटेल, आणि तरीही मला ती बोट हवी आहे. तू परत यायच्या आधी हवी आहे. आता फोन कर.

तुझीच,
ताई